श्रावणातली गुडदाणी

गुडदाणी हा श्रावणात करायचा पदार्थ नव्हे. ती थंडीत करावी. तेव्हा नवा गूळ आलेला असतो, हवा कोरडी असते, आणि वडी दाताखाली मोडली की शेजारच्या खोलीत ऐकू जाते. काशीला दुर्गाघाटाजवळच्या आमच्या गल्लीत पौष लागला की घराघरातून गूळ कढल्याचा वास येई. तिथले लोक गुडदाणीला पट्टी म्हणत आणि शेंगदाण्यांना चिनियाबादाम. आम्ही मराठी मुलं घरात एक शब्द वापरत असू आणि उंबरठ्याबाहेर दुसरा. पण मला ज्या गुडदाणीबद्दल सांगायचं आहे ती माझ्या आईने भर श्रावणात केली होती, पुन्हा पुन्हा केली होती, आणि त्यातली एकही तिच्या मनासारखी झाली नव्हती.

‘चले जाव’ची हाक उठली त्या वर्षीचा तो श्रावण. मी दहा-अकरा वर्षांची असेन. माझ्या वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते वैदिक होते. घरात अण्णांचे थोरले भाऊ म्हणजे माझे काका, काकू, आई, अण्णा आणि मी एवढी माणसं. चूल एकच होती. काकाही भिक्षुकीच करत. पण अण्णांचं सोवळं काकांपेक्षाही कडक होतं. घराबाहेर ते कुणाच्या हातचं खात नसत. यजमानाकडे गेले तर स्वतःचा तांब्या, स्वतःचं पातेलं आणि स्वतःचे तांदूळ. चुलीची जागा स्वतः सारवून घेत आणि स्वतः शिजवून जेवत. प्रवासात तेवढंही जमलं नाही तर घरून नेलेली गुडदाणी खाऊन दिवस काढत. गुळात आणि तुपात केलेली, पाण्याचा थेंब नसलेली, आईने सोवळ्यात केलेली, म्हणून ती त्यांना चालायची.

आषाढ संपता संपता ते गाजीपूरच्या पलीकडे एका जमीनदाराकडे अनुष्ठानाला गेले. श्रावण महिनाभर तिथे रोज अभिषेक करायचा आणि परत यायचं, असं ठरलं होतं. जाताना आईने नेहमीप्रमाणे पत्र्याचा डबा भरून दिला. त्यातली गुडदाणी मऊ पडू नये म्हणून तळाशी कुरमुऱ्यांचा थर घातला होता. अण्णा डबा पिशवीत ठेवत म्हणाले, "पुरेल."

"पुरवून खाल्ली तर पुरेल," आई म्हणाली.

ते गेले आणि थोड्याच दिवसांत शहर पेटलं. शाळा बंद झाल्या. विद्यार्थ्यांच्या मिरवणुका निघाल्या, गोळीबार झाल्याचं कानावर येऊ लागलं. मग बातमी आली की पूर्वेकडचे रेल्वेचे रूळ उखडले, तारा तोडल्या, टपाल बंद झालं. अण्णा ज्या बाजूला गेले होते त्याच बाजूला सगळ्यात जास्त गडबड होती. पलटणी तिकडेच चालल्या होत्या. गावंच्या गावं जाळली, असं लोक दबक्या आवाजात सांगत.

काका म्हणत, "जमीनदाराच्या वाड्यात आहे तो. बाहेर काही का होईना, आत तो सुरक्षित आहे." ते धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसत. काकूकडे बघून बोलत आणि ते आईने ऐकायचं असे.

आईला सुरक्षिततेची काळजी होतीच, पण तिला वेगळंच काहीतरी पोखरत होतं. ती मला म्हणायची, "डबा संपला असेल गं. तिथून निघाले असतील आणि वाटेत कुठे अडकले असतील तर काय खात असतील? ते कुणाच्या हातचं खायचे नाहीत. उपाशी राहतील पण खायचे नाहीत."

आई मुळात एका जागी बसणारी नव्हती. वाईहून लग्न होऊन ती काशीला आली, तेव्हापासून या घरात तिला कुणी सलग बसलेलं पाहिलं नव्हतं, असं काकू म्हणायची. त्या दिवसांत तर ती घरात फिरतच राहायची. माजघरातून सज्जात, सज्जातून जिन्यात, जिन्यातून दारात. दारात उभी राहून गल्लीच्या वळणाकडे बघायची आणि परत वर यायची. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची. नदीला पूर आलेला. घाटाच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या, आणि आई रोज जाऊन पाणी कुठवर आलं ते बघून यायची. मला बरोबर न्यायची. पंचगंगा घाटावरच्या मशिदीखाली उभं राहिलं की गढूळ पाणी उत्तरेकडे धावत जाऊन पुढे पूर्वेला वळताना दिसे. फांद्या, गवताचे भारे, एखादं छप्पर वाहत जाई. आई त्याच दिशेला बघत राहायची. तिकडेच गाजीपूर होतं.

एक दिवस तिथे तिने आमच्या ओळखीच्या मल्लाहाला गाठलं. मल्लाह म्हणजे नावाडी. अण्णांचे यजमान काशीला आले की हाच त्यांना नावेतून पाच घाटांच्या पंचतीर्थीला न्यायचा. त्याची नाव वर ओढून एका खांबाला बांधलेली होती.

"गाजीपूरकडे कुणाची नाव जाणार आहे का?" आईने हिंदीत विचारलं. तिचं हिंदी इतक्या वर्षांनंतरही वाईचंच होतं.

"अभी कहाँ, पंडिताइन," तो म्हणाला. "धारा बहुत तेज है. और नावों पर पहरा भी है." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला की पाणी उतरलं आणि पहारा सैल झाला की त्याचा मेहुणा माल घेऊन खाली जाणार आहे. पंडितजींसाठी काही द्यायचं असेल तर तयार ठेवा. कधी निघायचं ते सांगता येत नाही, निरोप आला की लगेच निघावं लागेल.

आई घरी आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. काकू डाळ निवडत बसली होती. आईने फडताळातून गुळाची भेली काढली. मागच्या थंडीतला गूळ होता तो, पावसाळ्यात काळा पडलेला आणि पाणी सुटून चिकट झालेला. काकू म्हणाली, "आत्ता गुडदाणी? या हवेत? बसायची नाही ती."

"बघते तर खरी," आई म्हणाली.

तिने लोखंडी कढईत वाळू तापवली, त्यात शेंगदाणे भाजले, वाळू चाळून काढली. दाणे गरम असतानाच चोळून सुपात पाखडले. सालं उडून माझ्या केसांत बसली. मग तुपाचं बोट फिरवलेल्या कढईत गूळ घातला. गूळ वितळला, फेसाळला, त्याचा रंग बदलला. आई वाटीतल्या पाण्यात एकेक थेंब टाकून बघत होती. थेंब पाण्यात पडला की बोटाने दाबायची. पाक झाला असेल तर थेंब काचेसारखा टणक होतो आणि वाटीवर आपटला की वाजतो. आईचा थेंब वाजायला तयार नव्हता. बाहेर पाऊस लागला होता, भिंतींना ओल आली होती. शेवटी कसाबसा पाक आला. दाणे घालून तिने ते सगळं तूप लावलेल्या पाटावर ओतलं, लाटण्याने पसरलं आणि गरम असतानाच सुरीने रेघा मारल्या. दुपारपर्यंत वड्या सुटल्या. तिने त्या डब्यात भरल्या आणि डबा दाराजवळ ठेवला.

निरोप आला नाही. दोन दिवसांत वड्या मऊ पडल्या, एकमेकींना चिकटल्या, डब्याचा आकार घेऊन एक गोळा झाला. आईने तो काढून मला आणि गल्लीतल्या पोरांना वाटला आणि पुन्हा कढई चढवली.

असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. डबा सतत तयार असायला हवा होता आणि त्या हवेत तयार ठेवता येत नव्हता. आईने गूळ जास्त कढवून पाहिला, तेव्हा वड्या कडू झाल्या. कमी दाणे घालून पाहिलं. गूळ आधी उन्हात वाळवावा म्हटलं तर ऊन पडेना. डब्यात खाली-वर कुरमुरे घातले, डबा निखाऱ्याच्या शेगडीजवळ ठेवला, डब्याच्या झाकणाला कणकेने लिंपून टाकलं. गल्लीतली पोरं खूश होती. शेजारची बनारसी बाई विचारून गेली, "तुमच्यात श्रावणात कुठला सण असतो का हा?" काकांना गुळाचं दुःख नव्हतं, पण रोजचा तो वास त्यांना सहन होईना. ते काकूला म्हणाले, "तिला सांग, एवढा जीव टांगून ठेवून तो लवकर येणार आहे का?"

काकूने सांगितलं नाही. तिला दिसत होतं की आईच्या हाताला काम नसलं तर ती नदीवर जाईल. एकदा आई पाण्याच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली होती की घाटावर बसणाऱ्या एका घाटिया ब्राह्मणाने तिला हाताला धरून मागे ओढलं होतं.

श्रावण सरत आला, पूर उतरू लागला. मल्लाहाचा निरोप आला की उद्या-परवा नाव सुटेल. आईने सकाळीच कढई चढवली. त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं आणि पाण्यातून काढलेला थेंब वाटीवर वाजला. मी ते ऐकलं. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दाणे दे."

मी सूप उचलायला वळले तर स्वयंपाकघराच्या दारात अण्णा उभे होते.

दाढी वाढलेली, गाल आत गेलेले, अंगावरचं धोतर कुणाचं तरी दुसऱ्याचं, आखूड. पायात काही नाही. हातात पिशवी नव्हती, तांब्या नव्हता. आई उठली. अण्णा चौकटीला टेकून उभे राहिले. कढईतला गूळ धूर सोडायला लागला तेव्हा काकू धावत आली आणि तिने ती पदराने धरून खाली उतरवली. सगळा पाक जळून गेला होता.

आईने त्यांना पाणी दिलं, पाय धुवायला गरम पाणी काढलं आणि पान मांडायला घेतलं. "किती दिवसांचे उपाशी आहात?" तिने विचारलं.

"उपाशी नाही," अण्णा म्हणाले. "रोज जेवलोय."

"डबा पुरला?"

"डबा पहिल्याच दिवशी गेला."

मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं. काका दारात येऊन उभे होते, काकू भिंतीशी, मी आईच्या मागे. जमीनदार घाबरून कुटुंबासह शहरात निघून गेले आणि अनुष्ठान अर्धवट राहिलं. अण्णा पायी निघाले. पहिल्याच दिवशी एक नाला ओलांडताना पाय घसरला आणि पिशवी वाहून गेली, तिच्यात डबा, तांब्या, पातेलं, तांदूळ सगळं गेलं. भिजून ताप चढला. गोमतीच्या काठी आले तर नदी पार करायला नाव नव्हती, पलटणीने काठावरच्या सगळ्या नावा ताब्यात घेतल्या होत्या. गावात शिरले तर लोक दारं लावून घेत. अनोळखी माणसाला घरात घेतलं तर पलटण आपल्यालाच धरील अशी भीती. गावाच्या टोकाला एका घराच्या ओसरीवर ते कोसळले. त्या घरात एक म्हातारी एकटीच होती. तिने दार उघडलं.

"तिने मला आत घेतलं," अण्णा म्हणाले. "ताप उतरून नाव मिळेपर्यंत मी तिथेच होतो. ती भाकरी देत होती, मी खात होतो."

काकांनी विचारलं, "कोणाचं घर होतं?"

"एका बाईचं."

"ते कळलं. कोण होती?"

"मी विचारलं नाही," अण्णा म्हणाले.

काकांना हे उत्तर समजलंच नाही. मलाही तेव्हा समजलं नव्हतं. आमच्या घरी पाहुणा आला की पाण्याच्या आधी त्याचं गोत्र विचारलं जाई आणि विचारणारे अण्णाच असत. आई मात्र ताटासमोर बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. ते सुखरूप आले याचा आनंद तिला झालाच असेल. पण महिनाभर जी एक गोष्ट तिला छळत होती ती घडलीच नव्हती. ती इथे कढईवर वाकून बसली होती आणि ते तिकडे जेवत होते.

काकांनी प्रायश्चित्ताचा विषय काढायला फार वेळ लावला नाही. त्यांच्या दृष्टीने ती साधी गोष्ट होती. गंगेत स्नान, पंचगव्य, एक होम, आणि झालं. आपत्काळात घडलेल्याला शास्त्रात मोकळीक आहे. अण्णांनाही ती शास्त्रं पाठ होती. ते म्हणाले, "मी आजारी होतो. तिने मला जेवायला दिलं. यात माझ्या हातून काय चुकलं, ते मला आधी सांगा."

"चुकलं असं कोण म्हणतंय? शुद्धी करून घे."

"म्हणजे अशुद्ध झालो होतो असं मान्य करू. ते मला करता येत नाही, दादा."

हे बोलणं रोज होऊ लागलं. अण्णांनी आवाज चढवला नाही, पण ते हलले नाहीत. गल्लीत गोष्ट पसरली. श्राद्धपक्षाचे दिवस आले आणि नेहमी अण्णांना ब्राह्मण म्हणून बोलावणारी घरं त्यांना वगळून काकांना बोलावू लागली. मग काकांनाही बोलावणं कमी झालं, कारण ते अण्णांबरोबर एका पंक्तीला जेवत होते. काका स्वयंपाकघरात येऊन जेवायला बसायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. ते वाईट नव्हते. भावावर त्यांचा जीव होता. पण चिंतेने त्यांची झोप गेली होती.

आई अण्णांच्या मागे लागली. "घ्या ना प्रायश्चित्त. एका सकाळचं काम आहे. या मुलीचं लग्न व्हायचंय अजून." अण्णा गप्प बसायचे. मग आई दुसऱ्या बाजूने विचारायची, "ती बाई कशी होती? काय म्हणायची? भाकरी कशाची होती?" त्यावर मात्र ते उत्तर द्यायचे. ज्वारीची. कधी सातूची. बरोबर कांदा. पहिल्या दिवशी आपण पाणीसुद्धा घेतलं नाही, तेव्हा ती काही न बोलता भाकरी बाजूला ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी ताजी करून आणली. आई ऐकायची, उठायची, सज्जात जायची, परत यायची आणि तेच पुन्हा विचारायची. अण्णा परत आले तरी तिची घालमेल कमी झाली नव्हती. वाढलीच होती.

पौषात तिने ठरवलं. काकूला म्हणाली, "गोमतीच्या संगमावरच्या महादेवाला बोलले होते. हे सुखरूप आले तर दर्शनाला येईन म्हणून." तसं ती खरंच बोलली होती की नाही, मला माहीत नाही. आदल्या दिवशी तिने नव्या गुळाची गुडदाणी केली. थंडी कडक होती, पाक सरळ आला, वड्या पाटावरून आपोआप सुटल्या. तिने डबा भरला. अण्णांनी डब्याकडे बघितलं आणि तो पिशवीत ठेवला.

आम्ही तिघं एक्क्याने गेलो. दर्शन घेतलं, नावेतून गोमती पार केली. अण्णा पुढे चालत होते, मोहरीच्या शेताच्या कडेने, अगदी सवयीच्या वाटेने. गावाच्या टोकाला एक मातीचं घर होतं. ओसरीवर एक म्हातारी उन्हात बसून सूत उकलत होती. तिच्या मागे, छपराखाली, जमिनीत खणलेला मागाचा खड्डा आणि त्यावरचा माग दिसत होता. कोपऱ्यात मातीचा बधना, म्हणजे तोटीचा लोटा, होता. आईला ते सगळं एका नजरेत दिसलं. अण्णांना इतके दिवस ते दिसलं नसेल हे शक्यच नव्हतं. ती मोमीन होती, मुसलमान विणकर. विचारायची गरज कुणालाच पडली नसती.

आई जिथे होती तिथेच थांबली.

म्हातारीने अण्णांना ओळखलं. "अरे, पंडितजी," ती म्हणाली आणि उठून बाज ओढली. अण्णा बाजेवर बसले, जसे आमच्या घरच्या ओसरीवर बसतात तसे. तिने आईकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आईला बस म्हणाली नाही. तिला बहुधा ठाऊक होतं की बस म्हटलं तर आई अडचणीत येईल.

"मुलगा आला का तुमचा?" अण्णांनी विचारलं.

"अभी नहीं," ती म्हणाली. पलटण येणार कळल्यावर गावातली तरुण मुलं पळाली होती. तिचा मुलगा त्यांच्यात होता. काही परत आले, तो आला नव्हता. कुणी सांगत होतं कलकत्त्याला आहे, कुणी सांगत होतं तुरुंगात आहे. ती हे सांगत असताना तिचे हात सूत उकलत होते, आणि मध्येच थांबून ती वाटेकडे बघायची, परत उकलायला लागायची. आई तिच्या त्या बघण्याकडे बघत होती.

मग आई ओसरी चढली. बाजेवर बसली नाही, म्हातारीच्या समोर जमिनीवर बसली आणि डबा उघडून पुढे केला. "तुमच्यासाठी आणलीय," ती तिच्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "घरची आहे."

"पट्टी?" म्हातारी हसली. तिला पुढचे दात नव्हते. तिने एक वडी उचलली, पदरात धरून मागाच्या लाकडावर आपटून तिचे तुकडे केले, बारीकसा तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून चघळू लागली आणि एक मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला आणि वर तिने दिलेलं पाणीही प्यायले. मग दुसरा तुकडा तिने आईसमोर धरला, आणि धरल्यावर तिच्या लक्षात आलं. हात मागे घेत ती म्हणाली, "माफ करना, भूल गई."

"द्या," आई म्हणाली.

आईने हात पसरला. म्हातारीने तुकडा ठेवला. आईने तो तोंडात घातला आणि चावला. आम्ही सगळे तो आवाज ऐकत होतो. अण्णा बाजेवर बसून शेताकडे बघत होते.

निघताना आईने विचारलं, "ताप असताना ते काय बडबडत होते?"

म्हातारी म्हणाली, काही कळायचं नाही, आमची बोली नव्हती. नुसतं काहीतरी म्हणत राहायचे, देवाचं असेल. मग म्हणाली, "रोज पूछते थे, नाव मिली क्या. घर जाने की बड़ी जल्दी थी इनको."

नावेत बसल्यावर आईने हात पाण्यात सोडला आणि किती तरी वेळ तसाच ठेवला. ती हात धुते आहे की नुसता पाण्यात धरते आहे, मला कळत नव्हतं. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत तिने अण्णांकडे पाहिलं नाही. एक्क्यात बसल्यावर मला हळूच म्हणाली, "तू तिच्याकडे पाणी प्यायलीस ना?"

"हो."

"कसं होतं?"

"गार," मी म्हणाले.

घरी आल्यावर तिने आंघोळ केली नाही. काकूने विचारलं, दर्शन नीट झालं ना, आणि आई हो म्हणाली. चार-दोन दिवस गेले. मग एका दुपारी काका जेवून उठले आणि काकूला म्हणाले की माघ लागायच्या आत धाकट्याने ते शुद्धीचं उरकून घ्यावं, मीच सगळी व्यवस्था करतो, आता तरी त्याची समजूत घालायला सांग. आई उष्टं काढत होती. तिने फडकं खाली ठेवलं आणि उभ्या जन्मात प्रथमच काकांशी थेट बोलली.

"त्यांचं एकट्याचं करून भागायचं नाही, भाऊजी," ती म्हणाली. "मी तिच्या हातचं खाऊन आलेय. पोरगीसुद्धा."

काकूने कपाळाला हात लावला. काका आधी आईकडे, मग अण्णांकडे बघत राहिले. अण्णांना आई हे बोलेल याची कल्पना नसावी, कारण तेही तिच्याकडेच बघत होते.

"का केलंत हे?" काकांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, ते थकले होते.

"तिने दिलं," आई म्हणाली. "मला नाही म्हणता आलं नाही."

काकांनी आम्हाला घराबाहेर काढलं नाही. अण्णांनीच सुचवलं की आपण वेगळं राहू, म्हणजे दादांच्या कामाला बाधा येणार नाही. बालाजी घाटाजवळ एका घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. भिक्षुकी सुटली होती, पण एका शाळेत संस्कृत शिकवायला माणूस हवा होता, तिथे अण्णा जाऊ लागले. काका सणावाराला येत, उंबऱ्याच्या आत बसत, पाणी घेत नसत. काकू मात्र काका नसताना येई आणि आईच्या हातचं सगळं खाऊन जाई. त्या म्हातारीचा मुलगा आला की नाही ते आम्हाला कळलं नाही. अण्णा उन्हाळ्यात एकदा जाऊन आले, तेव्हा घराला कुलूप होतं आणि शेजाऱ्यांना काही सांगता येईना.

नव्या जागेत आईने पहिल्या दिवशी चूल खिडकीशी मांडली. धूर आत येतो म्हणून ती मोडून भिंतीशी मांडली. तिथे हात नीट पोचत नाही म्हणून तीही मोडली. संध्याकाळपर्यंत आम्ही उपाशी होतो, खोलीभर ओली माती झाली होती. अण्णा शाळेतून आले, ती गत बघून धोतर खोचून तिच्याशेजारी बसले आणि माती कालवायला लागले. त्यांनी आयुष्यभर प्रवासात स्वतःची चूल स्वतः मांडली होती. "दाराकडे तोंड करून मांडू या," ते म्हणाले. आई म्हणाली, "बघू या," आणि उठून दार उघडून आली, वारा कुठून येतो ते बघायला.